अनसूयाबाईंच्या झबल्यांना नाड्या कोण लावणार?

रविवार, ५ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. गौरव समितीच्या बैठकीत श्रीमती अनसूयाबाईंनी जाहीर केले की पंच्याहत्तरीचा समारंभ झाला की त्या आपले तान्ह्या बाळांच्या कपड्यांचे ऑनलाइन दुकान आवरतील आणि मुलाकडे पुण्याला आराम करायला जातील. समितीच्या सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. इतिवृत्तात याची नोंद नाही, म्हणून इथे करून ठेवते.

संपादकांनी कळवले होते की गौरवलेखाची सुरुवात प्रथम परिचयाने करावी. परंतु हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टरांनी शिकवले होते की अन्याय झाला असेल तर आधी दिवस आणि वेळ लिहावी, बाकीचे मागाहून. आता प्रथम परिचय.

वसमतच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला आले, तेव्हा अनसूयाबाई तिथे शिवणाच्या शिक्षिका होत्या. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, ह्या ब्लाऊजात तुमी श्वास कसा घेऊन राहिल्या?”

ब्लाऊज हैदराबादच्या शिंप्याने शिवला आहे, असे मी अभिमानाने सांगितले.

“व्हय, दिसूनच राहिलंय,” असे म्हणून त्यांनी मधल्या सुट्टीत माझ्या दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून सैल करून दिल्या. तेव्हापासून मी नीट श्वास घेते आणि त्यांच्यावर रागावते. दोन्हींत आजवर खंड नाही.

दुकान निघाले ते आम्ही दोघी निवृत्त झाल्यावर. अनसूयाबाईंनी नातीसाठी शिवलेली झबली सुनेच्या पुण्यातल्या मैत्रिणींना आवडली. सुनेने फोनवर दुकान उघडून दिले, त्याला ‘झबलं-टोपडं’ असे नाव दिले आणि ती मोकळी झाली. शिवण अनसूयाबाईंकडे आणि ग्राहकांशी बोलणे माझ्याकडे, अशी वाटणी ठरली. अनसूयाबाईंना कुणालाही नाही म्हणता येत नाही आणि मला दुसरे काही म्हणता येत नाही, हे त्यामागचे कारण.

पहिली अडचण फोटोंची आली. दृष्ट लागेल म्हणून एकही आई आपले लेकरू द्यायला तयार होईना. अनसूयाबाईंनी टोपडे एका नारळावर चढवले, झबले उशीला घातले आणि मला फोटो काढायला लावले. दुसऱ्या दिवशी नाशिकहून विचारणा आली की नारळ सोबत मिळतो का. “देऊन टाकू की, मॅडम,” अनसूयाबाई म्हणाल्या. मी ‘नाही’ असे कळवले.

त्यांच्या कामातली निष्ठा सांगायची तर त्या झबल्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवतात. आत ठेवल्या तर तान्ह्या अंगाला टोचतात. एका ग्राहक बाईंनी संतापून लिहिले की कपडे उलटे शिवून पाठवले आहेत. मी उत्तर दिले, “आपले बाळ कपड्याच्या आत राहते. आपण बाहेर उभ्या आहात.” हे उत्तर मला अजूनही योग्य वाटते. अनसूयाबाईंनी मात्र परस्पर फोन करून त्यांची माफी मागितली, बाळाची झोप, दूध, पोट सगळे विचारले आणि वर एक कुंची पाठवली. त्या बाई आता दर महिन्याला फोन करतात. अनसूयाबाईंनाच. मी उचलला तर ठेवून देतात.

परंतु दुकान खरे अडले ते वेगळ्याच जागी. आपल्याकडे बाळ जन्माला येण्याआधी त्याचे कपडे कुणी घेत नाही. सुनेने दुकानात ‘बाळ कधी अपेक्षित आहे’ असा रकाना ठेवला होता. तो कुणी भरेना. आणि बाळ झाले की बारशाच्या आत सगळे हवे. कापायला वेळ नाही, शिवायला वेळ नाही, आणि घरोघरची बाळे काही आम्हाला विचारून येत नाहीत.

अशात एक दिवस आखाडा बाळापूरहून एक आजीबाई एसटीने अनसूयाबाईंच्या घरी आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “ऑनलाइन दुकान हेच का?”

मी म्हटले, “मावशी, एवढी तकलीफ काहून घेतली? फोनवरून सांगायचं असतं.”

“फोनवर सांगितलं की लिहून राहतंय. लेकीला सातवा लागलाय. पर तुमी लिहू नका.”

“मग आम्ही शिवायचं कधी?”

“ते मला काय माहीत. दुकान तुमचं हाय.”

अनसूयाबाई मशीनवरून उठून आल्या. “मावशी, मी कापते, शिवते. नाड्या तेवढ्या लावत न्हाई. नाडी न्हाई तवर ते झबलं न्हाई.”

“मंग काय हाय?”

“कापड.”

आजीबाईंनी थोडा विचार केला. “कापडाला कोण काय म्हणून राहिलंय,” त्या म्हणाल्या आणि चार नगांचे कापड सांगून गेल्या.

त्या दिवसापासून दुकान चालले. कळमनुरीपासून डोंगरकड्यापर्यंतच्या आज्या आमच्याकडे ‘कापड’ सांगून ठेवतात. बाळ झाल्याचा फोन आला की अनसूयाबाई हातातला घास ठेवून नाड्या लावायला बसतात, आणि पार्सल त्याच दिवशी एसटीने निघते.

एका घरचा फोन आलाच नाही. मी दोनदा म्हणाले, विचारू का. अनसूयाबाई म्हणाल्या, “नगा विचारू, मॅडम. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं.” काही दिवसांनी त्यांनी ते कापड उसवले आणि गोधडीच्या काठाला लावले. पुढे बऱ्याच महिन्यांनी त्याच घरातून फोन आला, जरा बिचकत, की कापड पाहिजे होते. “नवं कापते,” एवढेच त्या म्हणाल्या. आधीचा विषय कुणी काढला नाही. झबले कधी झालेच नव्हते, म्हणून कुणाला त्याच्याकडे पाहून रडावे लागले नाही. फोन ठेवल्यावर मी दिवस आणि वेळ कुठेही लिहिली नाही. माझ्या बाबतीत हे दुर्मीळ आहे, हे समितीला माहीत आहे.

आता ज्या बाई हे करतात, त्यांना आराम द्यायचा आहे. अनसूयाबाईंनी आराम केलेला मी पाहिलेला नाही. गेल्या वेळी पुण्याला आराम करायला गेल्या, तेव्हा सोसायटीच्या पडद्यांना अस्तर लावून आल्या. त्यांचे चिरंजीव गुणी आहेत, आईवर त्यांचा जीव आहे. परंतु आज वसमतच्या कपाटात नाड्या न लावलेले कापड आहे आणि खेड्यापाड्यांत त्या आज्यांच्या लेकी दिवस मोजत आहेत. त्यांचे फोन कुणी घ्यायचे? मी घेईन, पण नाड्या मला येत नाहीत. सिस्टरांनी मला रुमालावर इंग्रजी फुले काढायला शिकवले. बाळंतिणीच्या घरी ती कुणी मागत नाही.

यात माझा काही स्वार्थ आहे का, असे समितीतल्या एका गृहस्थांनी विचारले. आहे. दुपारी तीनला मी त्यांच्याकडे जाते आणि दिवेलागणीला घरी येते. मधल्या वेळात मला कुणी तरी बिनधास्त सांगते की माझे चुकले. वसमतमध्ये हे काम दुसरे कुणी पत्करलेले नाही.

अनसूयाबाईंना दीर्घ आयुष्य लाभो, डोळे स्वच्छ राहोत, गुडघे साथ देवोत आणि मशीनवरचा पाय असाच चालता राहो, ही मनापासून प्रार्थना. त्या मशीनसकट पुण्याला गेल्या तरी माझी हरकत नाही. कापड मी इथून पाठवीन, रागही इथूनच करीन. दुकान मात्र चालू राहिले पाहिजे.

दुकान चालणार की नाही, याचे उत्तर त्यांनी समारंभानंतरच्या सोमवारी दुपारी चारच्या आत मला लेखी द्यावे. तोंडी ‘व्हय’ चालणार नाही. तोंडी व्हय त्यांनी मुलालाही म्हटले आहे आणि मलाही.