अप्पांच्या गाडीचे मडगार्ड

माझे वडील, अप्पा, गेले तेव्हा त्यांची गाडी उघडीनागडी उभी होती. जुनी विलायती गाडी. चारही मडगार्ड, बॉनेट, दारांखालचे दोन फूटबोर्ड, बाजूच्या चकचकीत पट्ट्या, सगळं त्यांनी स्वतः काढून रंगवायला पाठवलं होतं. रंगारी शब्दाचा पक्का निघाला. नेमकी तेराव्याच्या दिवशी त्याची हातगाडी दारात आली आणि ताजे काळे पत्रे त्याने व्हरांड्यात ओळीने उभे करून ठेवले. जेवायला आलेले लोक त्यांना वळसा घालून आत येत होते.

माझा थोरला भाऊ, अण्णा, धारवाडहून आला होता. हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "आता या घराला कुलूप लावू. तू चल माझ्याकडे."

"माझी शाळा आहे इथं." मी मुलींना गणित शिकवत असे.

"धारवाडात काय शाळा नाहीत? एकटी बाई बंगळुरात राहून करणार काय तू?"

"आत्ता करते तेच."

त्याने पत्र्यांकडे बोट दाखवलं. "आधी हे जागच्या जागी लावून दाखव, मग एकटं राहायच्या गोष्टी कर. दसऱ्याला येतो मी. तोवर हे असंच पडलेलं असलं, तर तुझं काही ऐकणार नाही."

निम्मं रागाने बोलला, निम्मं चेष्टेने. मी मात्र त्याला शब्दात पकडलं. चाळिशी उलटलेली, लग्न न झालेली बाई कुठे राहणार, हे आमच्यात भावाने ठरवायचं असे. अण्णाला हुकूम सोडणं जमत नसे, म्हणून त्याने अट घातली. मला हुकमापेक्षा अट परवडणारी होती.

पत्र्याचं काम करणाऱ्याला बंगळुरात टिंकर म्हणतात. अप्पांचा टिंकर कलासीपाळ्यात होता. त्याच्याकडे गेले, तर त्याच्या शेडबाहेर गाड्यांची रांग. खंडेनवमीला आयुधपूजा, आणि पूजेआधी प्रत्येकाला आपली गाडी ठाकठीक हवी असते.

"पूजा होईपर्यंत स्वल्पसुद्धा वेळ नाही, अक्का," तो म्हणाला. "पूजेनंतर या, चकाचक करून देतो."

पूजेनंतर मला उपयोग नव्हता. मी घरी येऊन अप्पांच्या पान्यांची पेटी उघडली.

त्यांना लहानपणापासून पाने काढून देत आले होते, गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं होतं. त्यामुळे भीती नव्हती. गंजलेले बोल्ट दोन दिवस रॉकेलमध्ये भिजत ठेवले. मडगार्ड आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये एक गोल कडेची पट्टी येते, नाहीतर पत्र्यावर पत्रा वाजतो. जुनी पट्टी कुजली होती. काळ्या रेक्झिनमध्ये सुतळी घालून मी ती मशीनवर शिवली. गादीच्या खोळीला पायपिंग करतात तशीच. ती पहिल्या फटक्यात जमली.

मडगार्ड बसवणं मात्र दोन माणसांचं काम आहे. एकाने बाहेरून धरायचा, दुसऱ्याने चाकाच्या खोबणीत शिरून आतून बोल्ट लावायचा. मी खाली स्टूल ठेवलं, स्टुलावर वह्यांचे गठ्ठे, त्यावर उशी. वरून घसरू नये म्हणून अप्पांची धोतरं बांधली. ती कुणाला द्यायची ते ठरत नव्हतं, तोवर कामाला आली.

शाळेतून आले की उजेड असेपर्यंत काम, मग भात लावायचा. घरात बोलणं असं राहिलंच नव्हतं. मडगार्डशी बोलत असे, हे सांगायला हरकत नाही. "वर हो. थांब. जरा इकडे." एकदा कुंपणापलीकडून शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण आलंय हो तुमच्याकडे? कुणाशी बोलताय?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

"मग ठीक," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दसऱ्याची सुट्टी लागली तेव्हा दोन्ही बाजूंचे मागचे-पुढचे मडगार्ड बसले होते. एकेक बोल्ट दात-ओठ खाऊन आवळला होता. एक पुरं केल्याशिवाय दुसरं हाती घ्यायचं नाही, ही माझी सवय. मग फूटबोर्ड लावायला घेतला. तो मागच्या आणि पुढच्या मडगार्डला जोडतो. एका टोकाला बसला, दुसऱ्या टोकाला भोकं अर्धं बोट चुकली. बॉनेट टेकवलं तर एका बाजूला फट, दुसऱ्या बाजूला नव्या रंगावर ओरखडा. दोन दिवस झटले. भोकं जुळेनात.

अष्टमीच्या सकाळी पुन्हा कलासीपाळ्यात गेले. टिंकरने ऐकून घेतलं आणि हसायलाच लागला. "एकेक पक्कं करत गेलात, अक्का? हे काय गणित आहे, पहिलं सुटलं की खाली रेघ मारायची? आधी सगळं ढिलं लटकवा. फूटबोर्ड, बॉनेट, सगळं. लांब उभं राहून फटी बघा. मग इकडे एक फेरा, तिकडे एक फेरा. शेवटी आवळायचं."

"हे तेव्हाच सांगायचंत."

"तुम्ही स्वतः करणार हे कुठं सांगितलंत?"

ते खरं होतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

घरी येऊन सगळे बोल्ट सैल केले. संध्याकाळपर्यंत फूटबोर्ड बसले, बॉनेट बसलं, फटी सारख्या झाल्या. पट्ट्या क्लिपांवर दाबून लावल्या. आवळायचं तेवढं राहिलं. अण्णाची आगगाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळचा तासाभराचा प्रश्न.

नवमीला पहाटे न्हाले. हाताला लागलेली सवय म्हणा, सगळे पाने रॉकेलने पुसले, देवापुढे पाटावर मांडले, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहिली. नमस्कार करून उठले आणि मग लक्षात आलं. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत उचलायचं नाही. अप्पा त्या दिवशी साधा खिळासुद्धा ठोकत नसत. पूजा मांडायच्या आधी तासभर काम उरकायचं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

बघायला कोण होतं? पाना उचलून काम करून परत ठेवता आला असता. मी पाटापुढे बराच वेळ बसले. देवाची भीती वाटली असं नाही. पण घरात पाळायचं म्हणून जे काही उरलं होतं, ते आता पाळणारी मी एकटीच होते. मी मोडलं असतं, तर ते तिथंच संपलं असतं. उठून हाताने फिरतील तेवढे नट फिरवले.

अण्णा आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग पुढच्या मडगार्डवर हात ठेवून दाबला. मडगार्ड खडखडला.

"हलतंय."

"पाने पूजेत आहेत. उद्या नाही हलणार."

तो एकदम मोठ्याने हसला. त्या दिवशी मग तो विषय कुणीच काढला नाही.

दसऱ्याला उत्तरपूजा झाल्यावर मी चाकाशी बसले. अण्णा बाहेरच्या बाजूला आला आणि मडगार्ड धरला. "सांग," म्हणाला. "वर," मी म्हटलं. "स्वल्प खाली. सरी, बस्स." चारही मडगार्ड तासाभरात झाले. मला एकेकाला दोन-दोन संध्याकाळी लागल्या होत्या.

हात धुताना तो म्हणाला, "म्हणजे तू येत नाहीस."

"नाही."

"हट्टी आहेस."

"अट तुझीच होती."

दुसऱ्या दिवशी मी त्याला त्याच गाडीतून सिटी स्टेशनवर सोडलं. खड्ड्यांतूनसुद्धा एकही पत्रा वाजला नाही. डब्याच्या खिडकीतून त्याने पुन्हा विचारलं, "नक्की?" मी मान डोलावली. गाडी सुटली.

शाळा उघडायला आणखी तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मी कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. दूधवाल्याशी बोलले असेन.