पाण्यामागे निघालेला कॅम्प

उस्मानमामूंच्या कॅम्पवर एका ठिकाणी चपला काढाव्या लागायच्या. तिथं देऊळ नव्हतं, मशीद नव्हती, साधा शेंदूर लावलेला दगडही नव्हता. होता तो भेगाळलेला गाळ आणि डोक्यावर मे महिन्याचं ऊन. शहरातून आलेले पाहुणे टॉवेल खांद्यावर टाकून पाण्याकडे निघाले की मामू हातावर पांढरा नॅपकिन घेऊन आडवे यायचे आणि अतिशय अदबीनं म्हणायचे, "साहेब, जरा चपला. चार पावलं फक्त." तळपाय भाजून घेत ती मंडळी तेवढ्या जागेतून उड्या मारत जायची. कुणी कारण विचारलंच तर मामू सांगायचे, "मारुती हाय." पाहुणे इकडेतिकडे बघायचे, मारुती काही दिसायचा नाही, मग म्हाताऱ्याला ऊन लागलं असावं असं समजून पुढे जायचे.

आम्ही तिथं पाहुणे नव्हतो, नोकरीला होतो. आमच्या ह्यांनी चितेगावच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि घरी बसून मला डबे कसे रचावेत हे शिकवायला सुरुवात केली होती. स्टोअर सांभाळलेला माणूस; मोकळा बसला की दुसऱ्याचं कपाट आवरतो. माझी शाळा उन्हाळ्यात बंद. औरंगाबादेत नळाला पाणी यायचं ते आठवड्यातून एकदा, तेही उपकार केल्यासारखं. अशात कुणीतरी सांगितलं की नाथसागराच्या काठी, गंगापूरच्या बाजूला, एक तंबूंचा कॅम्प आहे आणि उन्हाळाभर तो सांभाळायला एक जोडपं पाहिजे. राहणं-जेवण त्यांचं आणि समोर पाणीच पाणी. आपल्या नळाला ज्या धरणातून पाणी येतं तिथंच जाऊन राहावं, म्हणजे मधली भानगडच नको, हे ह्यांना फार पटलं.

मामू उंच, सडसडीत, पासष्टीच्या पुढचे. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात त्यांचा जन्म गेला होता. वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्या गोऱ्या लोकांना चहा देता देता वेटरचे कॅप्टन झाले आणि निवृत्तीनंतर काठावरच्या आपल्या वावरात आठ-दहा तंबू ठोकून स्वतःच मालक झाले. मालक झाले तरी हातावरचा नॅपकिन गेला नाही. शेळी आडवी आली तरी ते थोडे वाकून तिला वाट द्यायचे. आम्हाला कामावर घेताना त्यांनी एकच गोष्ट विचारली, पोहता येतं का. दोघांनाही येत नव्हतं. "लई चांगलं," मामू म्हणाले. "ज्येला पोहता येतं त्यो पान्याकडं बगतो. पाहुन्याकडं कोन बगनार?"

स्वयंपाक माझ्याकडे आला, तंबू आणि बुकिंग ह्यांच्याकडे. नव्या टाकळीहून दोन बाया भाकरी थापायला यायच्या. टाकळी म्हणजे मामूंचं गाव, टेकाडावर वसलेलं. माझं अक्षर शाळेतल्या बाईचं आहे म्हणून पाटी रंगवायचं कामही मलाच मिळालं. लाल रंगात मी लिहिलं: 'तंबूतून थेट पाणी दिसेल.' आम्ही आलो तेव्हा ते खरंही होतं. पहिल्या आठवड्यात तर पाणी खाटेखालीच आलं की काय असं वाटायचं.

पुढे ते निघून गेलं. दुष्काळाचं वर्ष होतं. वरून थेंब नाही आणि खाली शहरं, कारखाने, कालवे सगळे ओढायला बसलेले. रोज सकाळी उठावं तर तळं थोडं मागे सरकलेलं असायचं, चोरपावलांनी निघालेल्या पाहुण्यासारखं. पाटी मात्र जागेवर. पाहुणे तंबूतून डोकं बाहेर काढून पाणी शोधायचे आणि ह्यांच्याकडे तक्रार घेऊन यायचे. हे त्यांना मामूंकडे पाठवायचे. मामू किंचित वाकून दूरवर चमकणाऱ्या रेघेकडे हात करायचे. "पानी कुटं जातंय साहेब? हितंच हाय की." हे वाक्य त्यांनी त्या उन्हाळ्यात किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. म्हणण्याची पद्धत अशी की पाहुण्याला आपलीच नजर अधू आहे असं वाटावं.

मग मामूंनी ठरवलं, पाणी येत नाही तर कॅम्पनं जायचं. दर सोमवारी पाहुणे गेले की खुंट्या उपटायच्या आणि अख्खा कॅम्प पाण्यामागे पुढे न्यायचा. इथंच आमच्या ह्यांचं आणि त्यांचं जमेना. कारण डाव्या बाजूला पाणी अगदी जवळ होतं, सावलीला दोन बाभळी होत्या, जमीनही टणक. मामू प्रत्येक वेळी उजवीकडे निघायचे, जिथं नुसता उतार आणि गाळ. ह्यांनी नकाशा काढून दाखवला. मामूंनी तो दोन्ही हातांत धरून मन लावून पाहिला, "बरोबर हाय साहेब," म्हणाले आणि खुंट्या उजवीकडे ठोकल्या. "मामू, जागा चुकली," हे दर सोमवारी म्हणायचे. मामू दर सोमवारी कबूल करायचे.

बरं, तंबू तरी एका रांगेत असावेत? ह्यांनी दोरी ताणून सरळ रेघ आखली की मामू येऊन एक तंबू पुढे घ्यायचे, एक मागे, एकाचं तोंड चक्क पाण्याच्या उलट दिशेला करायचे. मधली वाट सरळ ठेवता आली असती. ती त्यांनी उगाचच एका जागी वळवली होती आणि कुणी वळण चुकवून मधून गेलं तर त्यांना बरं वाटायचं नाही. मारुतीचा प्रकारही त्याच सुमाराचा. हे मला म्हणाले, माणूस चांगला आहे पण नियोजन शून्य. मीही मान डोलावली, कारण स्वयंपाकाचा तंबू दर वेळी पाण्यापासून सगळ्यात लांब पडायचा.

एका सकाळी मी धुणं वाळत घालत होते आणि पायाला ठेच लागली. खाली वाकून गाळ बाजूला केला तर घडीव दगड. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, नीट ओळीत. मामूंना हाक मारली. ते बादली घेऊन आले, गुडघे टेकून दगड धुतले, नॅपकिननं पुसले आणि म्हणाले, "सुताराचं जोतं. येनार हे ठावं होतं मला."

मग त्यांनी आम्हाला दोघांना गाव दाखवलं. तीन नंबरचा तंबू होता तो सुताराच्या अंगणात. पाच नंबर देशपांड्यांच्या ओसरीवर. त्यांचं दार पूर्वेला होतं म्हणून तंबूचंही पूर्वेला. मी भांडी घासत होते तिथं आड. वाट वळत होती तिथं तेल्याच्या घराचा कोपरा पुढे आलेला, बैलगाडीलाही तिथं वळण घ्यावंच लागायचं. आणि चपला काढायच्या तो मारुतीचा पार. ही जुनी टाकळी. मामू विशी-पंचविशीत असताना धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. आम्ही दोन आठवडे त्या गावात राहत होतो आणि आमचे हे सुताराच्या घरावरून दोरी ताणत होते.

मी विचारलं, मारुती तर नव्या गावात नेला असेल ना?

"नेला की. टॅक्टरमधी बसून गेला, हलगी वाजवत. पर जागा हितंच ऱ्हायली ना ताई." मामूंनी नॅपकिनची घडी मोडून पुन्हा घातली. "ज्येला उचलता आलं त्येला उचललं लोकांनी. चौकटी नेल्या, पत्रे नेले, मारुती नेला. अम्माला कशी न्येयाची?"

अम्मा म्हणजे त्यांची आई. गाव उठायच्या आदल्या वर्षी वारली. हॉटेलातून धावत आलेल्या मामूंनी माती दिली आणि दुसऱ्या दिवशी परत कामावर गेले. कबरस्तान गावाच्या खालच्या अंगाला, नदीजवळ, एका चिंचेशेजारी. त्यानंतर पाणी. मध्ये एका वर्षी ते इतकं खाली गेलं होतं म्हणतात, पण मामूंना शहरात खबर लागेपर्यंत पाऊस होऊन गेला. तेव्हापासून आईजवळ एकदा बसायचं एवढंच त्यांच्या मनात होतं.

म्हणजे तळ्याकाठच्या कॅम्पचा मालक तळं जायची वाट बघत होता. ह्यांनी सरळ विचारलं, की मग हा धंदा कशाला मांडला?

"नुस्तंच काठावर बसून ऱ्हायलो आसतो तर लोक येडा म्हनले आसते," मामू म्हणाले. "तंबू टाकले तर धंदा म्हनतेत."

पण पाणी आटावं असं ते एकदाही म्हणाले नाहीत. लोक हंडे घेऊन वणवण फिरतायत आणि आपण पाणी आटू दे म्हणायचं हा गुन्हा आहे, म्हणून मी काही मागत नाही, नुसता बघतो, असं त्यांनी सांगितलं. माझं तसं नव्हतं. शहरातून बहिणीचा फोन यायचा, टँकर आला नाही, नळ कोरडा. मी हळहळायचे, खरंच हळहळायचे, आणि फोन ठेवला की तळ्याकडे बघून मनात म्हणायचे, अजून हातभर जा. हेसुद्धा सकाळी चहाआधी पाण्याच्या कडेला एक काठी रोवून यायचे. धंद्याच्या दृष्टीनं, असं मला सांगायचे.

जून लागला. ढग यायला लागले आणि पाहुणे यायचे जवळजवळ थांबले. मामू आता ढगांकडे आणि पाण्याकडे आळीपाळीनं बघायचे. एक दिवस पाण्यातून काळं खोड वर आलं. चिंच. त्यानंतर दोन-तीन दिवसांत तिच्या भोवतीची जमीन मोकळी झाली. मामूंनी धुतलेला पांढरा सदरा घातला, टोपी घातली आणि अनवाणी खाली उतरले. आम्ही लांबच थांबलो.

ते बराच वेळ फिरत होते. चिंचेपासून इकडे चालायचे, परत यायचे, तिकडे चालायचे. तिथं काहीच नव्हतं. इतक्या वर्षांच्या गाळानं सगळं सारवून टाकलं होतं. दगड नाही, उंचवटा नाही. शेवटी ते आमच्याकडे वळले. हातावर नॅपकिन नाही असे मामू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"येवढ्यातच हाय," ते म्हणाले. "पर कळंना."

मला रडू आवरेना. मामू मात्र परत फिरले, मधोमध उभे राहिले आणि सगळ्याच जागेसाठी हात वर करून फातिहा पढले. मग वर आले आणि मालकाच्या आवाजात ह्यांना म्हणाले, एक नंबर आणा.

एक नंबर म्हणजे आमचा सगळ्यात चांगला तंबू. खिडकीचा, दुहेरी कापडाचा. तो कबरस्तानाच्या हद्दीबाहेर, दार कबरस्तानाकडे करून लावला. खाट टाकली, इस्त्रीची चादर, कोपऱ्यात भरलेला माठ, त्यावर उपडा पेला. मामूंनी चादरीची एक सुरकुती काढली आणि दाराला 'आरक्षित' ही मीच रंगवलेली पाटी अडकवली. ती आजवर कधी लागली नव्हती, कारण तेवढी मागणीच नव्हती. नेमकं त्याच रविवारी शहरातून गाडी भरून एक कुटुंब आलं आणि त्यांना तोच तंबू हवा झाला, कारण पाणी फक्त तिथूनच दिसत होतं. हवे तेवढे पैसे देतो म्हणाले.

मामू वाकले. नॅपकिन परत हातावर आला होता. "माफ करा साहेब, पाहुने हायत."

त्यांच्यातला गृहस्थ म्हणाला, आत तर कुणी दिसत नाही.

"येतेत," मामू म्हणाले आणि बाहेरच्या खुर्चीत बसले. पुढचे जेवढे दिवस मिळाले तेवढे ते तिथंच बसून होते. चहाही मी तिथंच नेऊन द्यायचे. एकाऐवजी दोन कप नेते आहे हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

नाशकाकडे जोराचा पाऊस झाला आणि पाणी परत आलं. आलं ते जाताना जसं गेलं तसं चोरपावलांनी नाही; दिवसागणिक घरं घेत वर आलं. आधी देशपांड्यांची ओसरी, मग तेल्याचा कोपरा, मग मारुतीचा पार. आम्ही खुंट्या उपटत मागे हटत होतो. गाव दुसऱ्यांदा उठत होतं. पहिल्यांदा लोक रडले होते म्हणे. या वेळी आगाऊ बुकिंग केलेल्या दोघांनी पैसे परत मागितले. एक नंबर मात्र सगळ्यात खालचा, पाणी घरांच्याही आधी तिथं पोचलं होतं आणि मामूंनी तो काढू दिला नव्हता. हे पँट वर करून पाण्यात शिरले होते, मामूंनी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. तंबूच्या तळाशी पाणी लागलं, दारातून आत गेलं, माठ हलला. पाटी बराच वेळ दिसत होती.

काही बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "मामू, अम्मा परत गेल्या हो."

"कुटं जातेत ताई?" मामू म्हणाले. "हितंच हायत की." पाहुण्यांना सांगायचे अगदी त्याच आवाजात.

दोन वर्षांनी मामू गेले. त्या साली धरण काठोकाठ भरलं होतं, शहरात लोकांनी पेढे वाटले होते, आम्हीही खाल्ले होते. नव्या टाकळीचं कबरस्तान टेकाडावर आहे, तिथं पाणी कधी चढणार नाही. त्यांच्या मुलानं आम्हाला जागा दाखवली. मी चपला काढल्या आणि मातीजवळ उभी राहिले. समोर सगळं तळं उघडं पडलं होतं, मध्ये झाड नाही, घर नाही, काही आड नाही. मी पाटीवर रंगवलं होतं तसं थेट पाणी दिसत होतं, आणि चिंच त्याच पाण्याखाली उजव्या अंगाला होती.

हे बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग खाली वाकले, कबरेवरचं एक ढेकूळ उगाच सारखं केलं आणि म्हणाले, "मामू, जागा बरोबर आहे."