कान ठीक, घरी बोलत राहा

“तुमीच तपासली होती ना हिला?” सुनंदाने मुलीची फाइल टेबलावर ठेवली. रागात नव्हती. खात्री करून घेत होती.

मी वही उघडली. शहापूर-मुरबाडमधल्या प्रत्येक शिबिराची यादी मी ठेवते: नाव, वय, पाडा, निदान. डोळखांबच्या पानावर अकरावं नाव पूर्वाचं. वय दोन. ‘एकही शब्द नाही. कान ठीक. घरी बोलत राहा.’ अक्षर माझंच.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. मूल बोलत नसेल तर आम्ही आधी कान बघतो. ऐकूच आलं नाही तर ते बोलणार कुठून? पालक मात्र जीभ दाखवतात. पूर्वाला वेखंड उगाळून चाटवून झालं होतं, पोपटाने टोचलेला पेरूही भरवून झाला होता. शिबिरात तिची आजी म्हणाली होती, “हिचा बापूस पण उशिरा बोलला. आता गप बसत नाय.” आम्ही सगळे हसलो होतो.

आता पूर्वा साडेतीन वर्षांची होती. अंगणवाडी सेविकेने हट्टाने ठाण्याला पाठवलं, तिथे बेरा टेस्ट झाली. यात मूल झोपवून डोक्याला तारा लावतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. पूर्वाच्या दोन्ही कानांतून जवळजवळ काहीच पोचत नव्हतं.

“शिबिरात मी काय केलं, आठवतं?”

“मागनं ताट वाजवलं. ही वळली.”

“कुठे बसली होती?”

“माझ्या मांडीवर.”

“आणि तुम्ही?”

“मी दचकले की! केवढ्यानं वाजवलं तुमी.”

आई दचकली, मांडी हलली, मूल वळलं. मी ‘ठीक’ लिहिलं आणि बारावं नाव पुकारलं. मूल आईपासून वेगळं बसवून तपासायचं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. पण खाली उतरवलं की मुलं रडतात, आणि बाहेर रांग होती.

“दोन हंगाम वीटभट्टीवर होतो आमी,” सुनंदा सांगत होती. “माती कालवताना, भाकऱ्या करताना हिच्याशी बोलत रायले. बाया हसायच्या, ‘येडी झालीस काय गो?’ मी म्हणायची, मॅडमनी सांगितलंय.”

मी वरिष्ठांकडे गेले.

“सर, डोळखांबची नोंद चुकलीय. माझी चूक आहे.”

“रिपोर्ट केव्हाच वर गेला, मॅडम. एका दिवसात सगळी मुलं तपासली म्हणून आपलं कौतुक झालं होतं. आता कशाला उकरता?”

“बाकीची मुलंही मी तशीच तपासली होती.”

“मग तर लेखी अजिबात देऊ नका.”

मी लेखी दिलं. उत्तर आलं नाही. रविवारी पाड्यांवर फिरून यादीतली मुलं पुन्हा तपासली. आणखी एक मुलगा सापडला. काही घरांना कुलपं होती, माणसं कामाला गेलेली. कुठल्या भट्टीवर, ते शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

पूर्वाला ऐकायचं यंत्र बसवलं. त्याने फार फरक पडला नाही. मी त्यांच्यासोबत ठाण्याला गेले. डॉक्टर म्हणाले, कानात इम्प्लांट बसवायचं ऑपरेशन अजून करता येईल, पण बोलणं शिकायची सगळ्यात चांगली वर्षं गेली. सुनंदाने ते ऐकून घेतलं आणि ती माझ्याकडे वळली.

“तवाच कळलं असतं तर?”

“बहुतेक बोलली असती.”

तिने मान हलवली, पोरीला कडेवर घेतलं आणि एसटी चुकेल म्हणून निघाली. माझ्याकडच्या पुढच्या दोन तारखांना आली नाही.

पालकांना एवढंच सांगते. माझ्यासारख्या कुणी ‘कान ठीक’ असं सही करून दिलं, तरी मूल बोलत नसेल तर बेरासारखी यंत्रावरची तपासणी मागून घ्या. आम्हाला राग येईल. येऊ द्या.