कोनवाशाची लांबी

डहाणूला लाकडाच्या वखारीजवळून जाताना सागाच्या ताज्या भुशाचा वास आला, की मला झरीचं आमचं अंगण दिसतं. २०१६ चा उन्हाळा होता. माझा नवरा सुरेश आमच्या नव्या घराचं चौपाखी छप्पर स्वतःच उभारत होता. चार कोपऱ्यांवरून आढ्याकडे चढणारे कोनवासे तेवढे राहिले होते. लाकूड मोजकंच होतं. एक जरी आखूड कापला गेला, तरी पावसाआधी छप्पर झालं नसतं.

"तुझं गणित चांगलं आहे. लांबी तूच काढ," तो म्हणाला.

मी कोळशाने ओट्यावर त्रिकोण काढला. कोपऱ्यापासून आढ्याच्या टोकाखालपर्यंतचं जमिनीवरचं तिरकं अंतर, भिंतीच्या माथ्यापासून आढ्याची उंची, दोन्हींचे वर्ग, बेरीज, मग वर्गमूळ.

"भिंतीबाहेरची वळचण धरलीस का?"

ती मी विसरलेच होते. तेवढं वाढवून आकडा सांगितला. त्याने पुन्हा न मोजता करवत लावली. वासा वर चढवला, तर टोक आढ्याला नेमकं भिडलं.

"बसला गं," तो वरून म्हणाला.

तेव्हा मला गणित बरोबर आल्याचाच आनंद होता. आता मात्र माझा आकडा ऐकून त्याने लगेच करवत लावली, तेच जास्त आठवतं.