धूर कुठं व्हता?

मी निघाले त्या सकाळी आबा माझ्याकडं पाठ करून लाकडं फोडत होते. तळेघरच्या अंगणात जीप उभी, डिकीत बॅगा कोंबलेल्या, आई सारखी डोळ्याला पदर लावत होती आणि माझा बाप ओंडक्यांवर असे घाव घालत होता, की ढलप्या उडून जीपच्या काचेवर आपटत होत्या. नवरा महाळुंगे पडवळचा, कॅनडात ट्रक चालवतो; त्याच्यामागं मी चालले होते. पाया पडायला वाकले तरी कुऱ्हाड थांबेना. आई तेवढी म्हणाली, "तिकडं थंडी लई म्हंत्यात. उबीला ऱ्हा, पोरी."

कसली ऊब घेऊन बसलात! इथला हिवाळा अंगावर धावून येतो. वारा मूठभर वाळू तोंडावर फेकावी तसा बर्फ मारतो, पापण्या चिकटतात, दाराचं कडीकुलूप गोठतं. रस्ता साफ करणारी गाडी सगळ्या गल्लीचा बर्फ आणून आपल्याच दारात ढकलते आणि तासाभरात त्याचा दगड होतो. पहिल्या वर्षी मी फावडं घेऊन शिव्या देत त्या गाडीमागं धावले होते. चालवणाऱ्या मेल्यानं हसून हात हलवला. मागं राहिलेल्यांनो, फोटोत दिसतो तो बर्फ तुम्हाला गोड वाटतो, मला अजूनही त्याला धरून बडवावंसं वाटतं.

आई गेल्यावर आबा एकटे पडले, म्हणून गेल्या हिवाळ्यात त्यांना इकडं आणलं. तेव्हाच ते वादळ आलं. नवरा ट्रकसकट हायवेवर अडकलेला. दुपारी वीज गेली, हीटर बंद पडला, घर भराभर गार झालं. माझी अनू लहान, तिचे ओठ निळे पडायला लागले. मैत्रिणीकडं वीज होती, पण तिथं जायचं तर आधी गाडी बर्फातून उकरायला हवी. पोरीला पांघरुणात घेऊन बसा, असं आबांना सांगून मी बाहेर पडले.

आमच्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. मीही त्याच शेकावर वाढले. तळेघरचं घर कुडाचं, भिंतीतून वारा आरपार जायचा. आबांना गॅरेजात कोळशाची पिशवी दिसली, उन्हाळ्यात अंगणात कणसं भाजायची छोटी शेगडी दिसली. त्यांनी मागच्या पायरीवर कोळसा फुलवला, धूर पार निघून जाऊ दिला, आणि मग शेगडी आत आणून नातीच्या पलंगापाशी ठेवली. वारा शिरू नये म्हणून दाराच्या फटीत गोधडी कोंबली. सगळं अगदी रीतसर. घरात धूर आणि विषारी वायू ओळखणारा भोंगा होता, पण फोडणी दिली की बोंबलतो म्हणून नवऱ्यानं तो काढून कपाटात टाकलेला.

हात बधिर झाले तेव्हा मी दाराशी आले. दार आपोआप लॉक झालेलं. बडवलं, हाका मारल्या, कुणी येईना. खिडकीतून पाहिलं तर आबा पलंगाला टेकून कलंडलेले, अनू निपचित, गाल लालबुंद, आणि मध्ये निखारे मस्त फुललेले.

फावडं उचललं आणि काचेवर हाणलं. दुहेरी काच, फुटेना. मग मी माणूस राहिले नाही. ओरडत, दात खात हाणत राहिले, फुटली तशी त्याच काचांवरून आत पडले. शेगडी फावड्यानं उचलून खिडकीतून बर्फात भिरकावली. पोरीला ओढून खिडकीबाहेर धरलं. ती ओकली, रडली. मग बापाकडं वळले. उठेनात. थोबाडीत मारली, परत मारली. "ऊठ! ऊठ म्हणते ना तुला!" जन्मात पहिल्यांदा बापाला अरेतुरे केलं. तिसऱ्या चपराकीला डोळे उघडले.

फोन करून बोलावलेली ॲम्ब्युलन्स बर्फातून रखडत आली. दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून आबांनी आधी नातीचं विचारलं. जिती आहे म्हटल्यावर माझ्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडं बघत राहिले.

"पर धूर कुठं व्हता गं?" ते म्हणाले. "म्या सगळा धूर जाऊ दिला व्हता."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला आणि गळ्यात पडावंसंही वाटलं. मी नुसती भिंतीवर हात आपटत राहिले, नर्सनं धरेपर्यंत.

उन्हाळ्यात आबा परत गेले. आता चावडीवर सगळ्यांना सांगतात, लेकीनं हाणलं म्हणून जिता हाय. लोक हसतात. मला अजून हसू येत नाही. पेठ, महाळुंगे अशा आमच्याकडच्या गावांची नवी पोरं इकडं येताना काय आणू विचारतात. मी आधी निखाऱ्याचंच सांगते, धूर नसला तरी बंद घरात त्याचा वायू जीव घेतो; मसाल्याचं नंतर.

आणि तुम्ही विचारता, तुझं घर आता कुठलं? रोज सकाळी उठले की अनूच्या नाकाशी बोट धरते. मग तळेघरला फोन लावते. आबा खेकसतात, "आगं, हाय मी अजून!" दोन्ही श्वास चालू असले की मला घर आहे, मग बाहेर कितीका बर्फ पडेना.