अबक पाटील, वय वर्षे अकरा

या, बसा. चहा गरम आहे तोवर ऐका, कारण अतिहुशार माणसाचं काय होतं हे बघायचं असेल तर नमुना तुमच्या समोरच बसलाय.

मी सुरतमध्ये साड्यांच्या एका कारखान्यात विक्रीचं बघतो. गाव अमळनेरकडचं, घर सुरतच्याच गोडादऱ्यात. आमचे शेठ हसमुखभाई. त्यांनी एक दिवस डोळ्यांवर बांधायचं ते व्हीआरचं यंत्र आणलं. हेडसेट. तो घातला की माणूस असतो खुर्चीत आणि दिसतं त्याला भलतंच ठिकाण. शेठची कल्पना अशी की लांबच्या व्यापाऱ्याने तिकडे एक घालायचा, मी इकडे एक घालायचा, आणि दोघांनी खोट्या शोरूममध्ये फिरत खऱ्या साड्या बघायच्या.

"पाटील, आ तमे शीखी लो," शेठ म्हणाले. "खातं तुमच्या नावानं उघडा."

माझ्या नावानं? तुम्हीच सांगा, यंत्र शेठचं, धंदा शेठचा, आणि खातं माझ्या नावानं! मला तिथेच वास आला.

डिझाइन करणारी आमची रेखा शेजारीच होती. ती एकेक वाचायला लागली.

"काका, पूर्ण नाव मागतंय."

"कशाला?"

"मोबाइल नंबर."

"कशाला?"

"जन्मतारीख. आणि खोलीचा अंदाज घ्यायला कॅमेरे चालू ठेवावे लागतील. चार आहेत."

चार! अहो, आमच्या सोसायटीच्या गेटवर एक आहे, तोसुद्धा बंद.

रेखा बिचारी म्हणाली, "काका, एवढी शंका असेल तर कंपनीच्या नावानं धंद्याचं वेगळं खातं काढू. तुमचं काहीच द्यायला नको. शेठच सगळं सांभाळतील."

शेठ सांभाळतील? म्हणजे मी किती वेळ काम केलं, किती वेळ नुसता बसलो, सगळं शेठना दिसणार! दुपारी जेवल्यावर माझा जरा डोळा लागतो, तेही! मी म्हटलं, "तू जा चहा घेऊन ये. मी करतो."

आणि केलं. नाव टाकलं 'अबक पाटील'. मग जन्मतारीख. इथे माझं डोकं विजेसारखं चाललं. मोठ्या माणसाकडे बँकेचं खातं असतं, म्हणून चोर त्याच्या मागे लागतात. लहान मुलाकडून काय नेणार? पेन्सिल? मी वर्ष असं टाकलं की वय झालं अकरा. यंत्राने निमूट मान्य केलं. मिशीला पीळ दिला मी!

लगेच पुढची पाटी आली : 'पालकांची परवानगी हवी.'

आता पालक कुठून आणू? शेठ नकोत. रेखा नको, ती शेठच्या मर्जीतली. जगात विश्वासाचं माणूस एकच, बायको. तिचा नंबर टाकला आणि तिला फोन लावला.

"सुनंदा, एक मेसेज येईल. 'हो' म्हण."

"कसला मेसेज? अनोळखी मेसेजला बोट लावायचं नाही असं तुम्हीच सांगता."

"अगं, मीच सांगतोय ना!"

"तुम्हीच बोलताय कशावरून? हल्ली आवाजसुद्धा खोटे काढतात. आपल्या साखरपुड्यात काय सांडलं होतं, सांगा."

"आमरस. तुझ्या मामांच्या धोतरावर."

तेव्हा कुठे तिने 'हो' दाबलं.

मला वाटलं, एकदा 'हो' झालं, विषय संपला. मी सुखाने शिकायला लागलो. शोरूममध्ये फिरलो, साड्या मागेपुढे केल्या. कंटाळा आला की त्यातच एक तळं होतं, तिथे गळ टाकून मासे धरत बसायचो. कोणाला काय कळतंय?

संध्याकाळी घरी गेलो. सुनंदा भाकरी थापता थापता म्हणाली, "मासे लागले का काही?"

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. हिला कसं कळलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. "आते काय करी ऱ्हायनात तुम्ही? जेवण झालं की लगेच डोळ्यांना लावलं ते?"

आता मात्र माझी खात्री पटली. कॅमेऱ्यातून शेठ बघतात आणि घरी कळवतात! मी चारही कॅमेऱ्यांवर काळी चिकटपट्टी लावली. हेडसेट घातला, यंत्राला काहीच दिसेना, मला त्याहून दिसेना. उठलो आणि सरळ साड्यांच्या कपाटावर. कपाळाला हे एवढं टेंगूळ!

संध्याकाळी सुनंदाने टेंगळाला हळद लावली आणि फक्त एवढंच म्हणाली, "एक तास पुरे तुम्हाला." मला वाटलं, टेंगूळ बघून बोलतेय.

मग संशय रेखावर गेला. मी तिला गाठलं. "खरं सांग, माझ्या बायकोला फोन तू करतेस ना?"

ती पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. "काका, मला तुमच्या बायकोचं नावसुद्धा माहीत नाही," म्हणाली, आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. मी मनात म्हटलं, बघा, कशी सावध झाली!

आणि आला मोठा दिवस. हैदराबादचे एक मोठे व्यापारी तिकडे हेडसेट घालून तयार. हे गिऱ्हाईक शेठ कितीतरी वर्षं धरायला बघत होते. मला दिसतं ते सगळ्यांना दिसावं म्हणून भिंतीवरच्या टीव्हीला जोडलेलं. शेठ, रेखा, सगळं ऑफिस टीव्हीसमोर.

मी शोरूममध्ये शिरलो. माझ्या डोक्यावर नाव तरंगत होतं. व्यापारी म्हणाले, "नमस्ते अबकजी."

"आ अबक कोण छे?" शेठचा आवाज आला. मी ऐकलंच नाही असं केलं.

पण रंग भरला हो! हिरवी दाखवली, मरून दाखवली, पदर उलगडला. व्यापारी खूश. सौदा ओठांवर आला आणि एकदम सगळं काळं. मधोमध मोठी अक्षरं :

'आजची तुझी वेळ संपली. आता थोडी विश्रांती घे. आणखी वेळ हवा असेल तर आईबाबांना विचार.'

टीव्हीवर ती अक्षरं हातभर दिसत होती. पहिली हसली ती रेखा. किती दिवसांचं न बोलणं एकदम बाहेर पडलं!

मी हेडसेट काढला आणि सगळं सांगून टाकलं. शेठनी कपाळावर हात मारला, सुनंदाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काय झालं म्हणून व्यापाऱ्यांनीही ऑफिसात फोन लावला होता, तेही ऐकत होते.

"भाभी, पाटीलना थोडा टाइम वधारी आपो ने!"

"सकाळी डोळे चोळत होते ते," सुनंदा म्हणाली. "रोज मासे धरत बसतात, मला सगळं येतं मोबाइलवर. मला वाटलं तुमच्या ऑफिसचा नियमच असेल, म्हणून एक तास ठरवून दिला. डबा खाल्ला का त्यांनी?"

"खाल्ला, भाभी."

"भाजीसकट?"

"भाजीसकट!" शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले.

"मग पंधरा मिनिटं देते."

तिकडे व्यापारी खो खो हसत होते. म्हणाले, "भाभीजी, आप ही बताइए, हरी लूँ या मरून?"

"हरी लीजिए. शेठकडच्या मरूनचा रंग सुटतो. माझे दोन परकर गेले."

शेठचा चेहरा बघवत नव्हता. मी टेबलाखाली शिरायला जागा शोधत होतो. पण व्यापारी काय म्हणाले माहितीय? "जिस घर में ऐसे सच बोलते हैं, उधर ही माल लेना चाहिए." आणि हिरव्या साड्यांचा सौदा पक्का झाला!

दुसऱ्या दिवशी रेखासाठी नाश्त्याला गरम लोचो, म्हणजे इथला मऊ ढोकळाच, घेऊन गेलो, तिची माफी मागितली. कंपनीच्या नावानं खातं काढलं, शेठनी स्वतः काढलं. राहिलं अबकचं. ते बंद करायचं तर तुम्ही मोठे आहात असं सिद्ध करा, यंत्रवाली कंपनी म्हणाली. खरं नाव, खरी जन्मतारीख, ओळखपत्राचा फोटो, माझा समोरून फोटो, सगळं दिलं. जे काही लपवलं होतं, ते एकूण एक माझ्याच हाताने पाठवलं. वर विनंती केली, की जरा लवकर बघा.

उत्तर आलं तेव्हा मी धावत स्वयंपाकघरात गेलो. "सुनंदा, यंत्रवाल्या कंपनीने मान्य केलं. मी सज्ञान आहे!"

तिने वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "त्यांना काय जातंय मान्य करायला? त्यांना तुमच्याबरोबर राहायचंय थोडंच?"