अळणी गोळा

परवा ह्यांचं तेरावं झालं आणि पाहुणे गेले. आज सकाळी पाय आपणहून स्वयंपाकघरात गेले. मी नुसती त्यांच्यासोबत होते.

हातांनी परातीत कणीक घेतली आणि मीठ घालण्याआधी थोडी बाजूला काढून वेगळी भिजवली. रक्तदाबामुळे ह्यांचं मीठ बंद झालं, तेव्हापासूनची ही सवय. मनगटं लाटत राहिली. पोळी करपायच्या आत नाकाने इशारा दिला आणि बोटांनी ती उलटली. माझ्यावाचून सगळं सुरळीत चाललं होतं. या हातापायांचं मी कधी कौतुक केलं नाही. गुडघ्यांना तर रोज नावंच ठेवते. तरी बिचारे कामावर हजर.

"आई, हा वेगळा गोळा कुणासाठी?" सुनेने विचारलं आणि लगेच ओठ मिटले.

मी त्या गोळ्याच्या पोळ्या केल्या आणि माझ्याच ताटात घेतल्या. दातांनी चावलं, घशाने गिळलं. जिभेने सांगितलं, अगदीच बेचव आहे.

ह्यांच्या जिभेने इतक्या वर्षांत हे एकदाही सांगितलं नव्हतं.